वसंतानं पळवलेला माझा गुन्हा

"कोण आहे तो नालायक? पुढे या!" बिबवेवाडीतल्या आमच्या वाचनालयात ग्रंथपाल लेले असे गरजले, की तिकडे कात्रजला सर्पोद्यानातले नाग बिळात शिरले असावेत. नव्याकोऱ्या अकरा रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. मी मान खाली घालून दिवाळी अंक चाळत होतो. शेजारचा वसंता शांतपणे उठला. "अहो लेले, मी लिहिलं."

साफ खोटं! लिहिलं होतं मी.

वसंताला जाऊन तीन आठवडे झाले, माझा संताप काही जात नाही. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं आम्ही शेजारच्या यंत्रांवर होतो. त्यानं कधी कोणाच्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली नाही, आणि उचलला तो थेट माझा गुन्हा! माझं कारण तरी काय थोर? आयटीतली मंडळी शनिवारी मोटारीतून यायची, नवं पुस्तक आधी उचलायची आणि युगानुयुगं दडपून बसायची. आम्ही स्वेच्छानिवृत्त लोक ताटकळत म्हातारे! शेवटची पानं चाळली आणि म्हटलं, घ्या, पहिल्या पानावरच निकाल…

लेल्यांनी वसंताकडून कबुली लिहून घेतली, सभासदत्व रद्द केलं आणि त्याच्या नावासकट दारावर पाटी ठोकली. लोक वाचून हसायचे. मी त्याला रस्त्यात गाठलं. "हा शहाणपणा कोणी सांगितला होता तुला?"

"सुमनवहिनी गेल्यापासून तू या वाचनालयाखेरीज जातोस कुठे? मला घरी नातवंडं आहेत," तो म्हणाला आणि कोथिंबीर घ्यायला वळला.

पुढे नऊ वर्षं मी माझ्या कार्डावर त्याच्यासाठी रहस्यकथा नेल्या. दार उघडताच ओरडायचा, "खुनी कोण ते बोललास तर याद राख!" त्या कथांमध्ये गुन्हेगार शेवटच्या प्रकरणात सगळं कबूल करतो आणि निदान मनातून तरी सुटतो. मी मात्र ते प्रकरण लांबवत राहिलो… आणि हा आधीच उठून गेला. ही कुठली रीत?

परवा लेल्यांच्या टेबलावर मूठ आपटली. सगळं वाचनालय वळून बघायला लागलं. "वसंता निर्दोष होता. गुन्हेगार मी आहे. त्याचं नाव पुसा, माझी पाटी लावा!"

लेल्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"त्यांची लेखी कबुली फाइलला आहे. एका गुन्ह्याला आम्ही एकच घेतो."