समोरनं लागणं

अंथरुणाला खिळल्यावर आई दौंडला आमच्याकडे होती. बोलणे जवळपास थांबले होते. एक प्रश्न मात्र ती पुन्हा पुन्हा विचारी, "समोरनं लागलं का गं कुणी?" बायको म्हणाली, त्यांना कुणीतरी दिसतंय. डॉक्टर म्हणाले, भ्रम आहे. मला दोन्ही पटले नाही, कारण ती ते चालीवर विचारायची.

चाल आहे म्हणजे गाणे असणार, म्हणून तिच्या माहेरी, केंदूरला, मामींना फोन केला. त्यांनी ऐकताच ओळ म्हटली:

"पात माझी ऱ्हाली मागं, बांध दिसतो दुरनं..."

हे खुरपणीचे गाणे. प्रत्येक बाई खुरपायला जी पट्टी धरते, ती तिची पात. एखादी मागे पडली, की जिची पात संपली ती बांधावरून वळून हिच्या पातीला समोरून लागे. खुरपत दोघी मध्ये भेटत. दुसरी ओळ ठरलेली नसे. जी मदतीला आली, तिचे नाते त्यात घालायचे.

आई कुणाचे घालायची, असे मी विचारले. मामी घुटमळल्या. मग पाटसला, आईच्या सासरी, ऐकलेली ओळ त्यांनी सांगितली:

"जाऊ न्हाई, भन माझी, आली लागत समोरनं."

जाऊ म्हणजे माझी काकू. वाटणीच्या वेळी बांधावरून भांडण झाले, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नाही.

दुसऱ्या दिवशी पाटसला गेलो. काकू दारात शेंगा निवडत होत्या. आईचे कसे चालले आहे ते सांगितले, ओळही सांगितली. त्यांनी वर पाहिले नाही.

"वाटणीच्या वक्ताला बरी न्हाई आठवली भन," त्या म्हणाल्या. "आन् आता तुला धाडलं व्हय?"

"तिनं नाही धाडलं, काकू. ती नुसतं विचारते."

त्या आत गेल्या. थांबावे की निघावे, मला कळेना. बऱ्याच वेळाने लुगडे बदलून, पिशवी घेऊन बाहेर आल्या.

दौंडला त्या आईच्या उशाशी बसल्या नाहीत. पायाशी, तिच्या तोंडासमोर बसल्या.

"लागले गं मी," म्हणाल्या. "तू ये सावकाश."

आईने डोळे उघडले. तिने ओळखले की नाही, मला सांगता येणार नाही. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. पण पुढे ती फारसे बोललीच नाही, तेव्हा त्यावरून काही ठरवू नये. काकूंनी संध्याकाळची एसटी जाऊ दिली, एवढे खरे.