चेअरमनांचा चेअरमनविरुद्ध लढा

आमच्या सोसायटीच्या चेअरमनांइतका स्वतःशीच कडाडून भांडणारा माणूस अख्ख्या डोंबिवलीत सापडायचा नाही. तरुणपणी ते कामगार पुढारी. शीळ रस्त्यावरच्या कारखान्यांत स्थानिकांनाच नोकऱ्या द्या, म्हणून त्यांनी किती गेटं बंद पाडली असतील कोण जाणे. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. लिफ्टमध्ये तीन माणसं जमली की यांची सभा सुरू. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर काकूंना लेखी निवेदन जातं, आणि काकू त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारून तीच आमटी पुन्हा वाढतात.

पण माझं डोकं खरं चक्रावलं ते वॉचमनच्या प्रकरणात. रामसेवकची बायको बाळंत होऊन दिवा स्टेशनजवळच्या खोलीवर होती आणि त्याला आठवड्यातून एकही सुट्टी नव्हती. "साहेब, इतवारला तरी बेटीचं तोंड बघू द्या," एवढंच त्याचं म्हणणं. चेअरमनांनी दुपारी त्याचं मागणीपत्रक स्वतःच्या हाताने लिहिलं आणि संध्याकाळी कमिटीच्या बैठकीत स्वतःच फेटाळलं. "बदली माणूस परवडणार नाही. दबावापुढे ही कमिटी झुकणार नाही!" मग खाली जाऊन रामसेवकच्या शेजारी बसले आणि "चेअरमन हाय हाय" सुरू केलं. मी सेक्रेटरी. घोषणेला साथ द्यावी की इतिवृत्त लिहावं, मला कळेना.

"अहो काका, चेअरमन तुम्हीच ना?"

"तो माणूस वेगळा. फार आडमुठा आहे."

न राहवून मी म्हटलं, "जन्मभर स्थानिकांसाठी भांडलात. हा तर परप्रांतातला."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, चिडले. मग म्हणाले, "आठ वर्षं आपल्या गेटवर बसतोय. अजून किती स्थानिक व्हायचं रे त्याने?"

तिसऱ्या दिवशी तडजोड झाली. काय झाली, ते दोन्ही पक्षांनी, म्हणजे त्यांनी एकट्यानेच, मला सांगितलं नाही. रविवारी भाजी घेऊन आलो, तर रामसेवक दिव्याला गेलेला आणि त्याच्या खुर्चीत चेअरमन, मांडीवर रजिस्टर. माझ्याच इमारतीत शिरायला माझी सही घेतली.

त्यांच्या शेवटच्या संपात बंद पडलेला कारखाना पुन्हा उघडलाच नाही. तिथे आता टॉवर आहेत. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"आयुष्यभर गेटं बंद करायलाच बसलो रे. उघडायला आज पहिल्यांदा."

तेवढ्यात बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. ते गुडघ्यावर हात टेकत उठले आणि गेटाचं एक दार ओढू लागले. मी पिशवी खाली ठेवली आणि दुसरं दार ओढलं.