तुटलेली केबल

सरकारी योजनेतून गावात स्वस्त इंटरनेट आलं, तेव्हा सगळ्यांत जास्त हरखल्या त्या शेजारच्या सुमनकाकू. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. लेक दूर सासरी; साधा फोन त्यांच्या काय कामाचा? व्हिडिओवर मात्र मायलेकी तासभर हातांनी बोलायच्या.

मग रस्त्याच्या कामात केबल तुटली. "पुढचा निधी आला की जोडू," ग्रामसेवक दर वेळी सांगतात.

आज काकू ओट्यावर बसल्या होत्या. समोर फोनचा काळा पडदा, आणि मांडीवर हात हळूहळू हलत होते, कुणी स्वतःशीच पुटपुटावं तसे. माणसाचं बोलणं एवढ्याशा तारेवर अडतं, हे आम्हा बोलणाऱ्यांना कधी कळलंच नव्हतं.

मला पाहून त्यांनी खुणेनं विचारलं, "कधी?"

खुणांमधला 'उद्या' एवढाच शब्द मला करता येतो. आजही तोच केला.