एक कोयता
प्रिंटर तापला की धुळीचा जो वास येतो, त्याने मला युसूफ वडगावचा आमचा दवाखाना आठवतो. मी कोकणातून लग्न होऊन नुकतीच आले होते. दुष्काळाचं वर्ष होतं, पाणी टँकरचं, टेबलावर सतत मातीचा थर. यांनी बिलिंगचं स्वस्तातलं सॉफ्टवेअर घेतलं आणि मला काउंटरवर बसवलं. एक दिवस एकच चादर पांघरून नवरा-बायको आले. "पेशंट कोण?" मी विचारलं. बाई म्हणाली, "एक कोयता लिवा, ताई." मी घाबरून तक्रारीत 'कोयता लागला' असं टाइप केलं आणि आत ओरडले. हे ड्रेसिंगचं सामान घेऊन धावत आले. "जखम कुठंय?" "कशाची जखम, डाक्टरसाब? दोघास्नी बी ताप हाय," नवरा म्हणाला, "कारखान्याचा ट्रक सांजच्याला निघतोय, तवर उभं करा आमाला." मग यांनी हसू दाबत मला सांगितलं, ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मी पुन्हा कीबोर्डकडे वळले, तर ते मेलं सॉफ्टवेअर एकच नाव, एकच वय मागत होतं. "दोघांचं वेगवेगळं लिहू का?" मी विचारलं. बाई गोंधळून आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. "येगळं कावून?" मी नावाच्या त्या एकाच रकान्यात दोघांची नावं टाइप केली. आता हे नाहीत. कुठल्याही काउंटरवर "किती जण?" विचारतात, मी "एक" म्हणते, आणि लगेच वाटतं, जरा जास्तच सांगितलं.