निळं दिसलं की पाणी

आम्ही जातो जमिनीखाली काय आहे ते शोधायला, आणि परत येताना गाडीत किस्सेच जास्त असतात. सर्वेच्या फायली निदान डिलीट तरी करता येतात.

टीम आमची तिघांची. भूगर्भतज्ज्ञ इंगळे सर, गाडी चालवणारे आणि सळया ठोकणारे रहीमभाई, आणि लॅपटॉप सांभाळणारा मी. शेतात ओळीनं लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांतून करंट सोडायचा आणि रीडिंग सॉफ्टवेअरला द्यायचं. ते जमिनीच्या पोटाचं रंगीत चित्र काढतं. लाल म्हणजे कोरडा खडक, निळं म्हणजे पाणी. निदान सरांचं म्हणणं तसं.

•

डोणगावकडे एका सरपंचाच्या शेताचं चित्र लालभडक आलं. सरांनी सहज रंगांची पट्टी जरा सरकवली, तर अर्धं शेत निळं! आकडे तेच आहेत, फक्त रंग बदलले, असं सर सांगू लागले. सरपंच शांतपणे म्हणाले, "सर, हे बटन सकाळीच दाबलं असतं, तं आपुन उन्हात काऊन तापलो असतो?"

•

त्याच गावचा पाणाड्या, हातावर नारळ धरून पाणी सांगणारा, दिवसभर आमच्या मागे मागे. सरांना वाटलं, पोटावर पाय आला म्हणून चिडला असेल. दुपारी त्यानं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, तुमचं निळं कुठं आलं तेवढं सांगा. माहा नारळ तिथंच उभा राह्यते."

•

एका कार्यालयातून आमचा रिपोर्ट परत आला. शेरा होता, 'चित्राखाली एरर चार टक्के दिसते. दुरुस्त करून पाठवावे.' सर स्वतः गेले. मोजणी आणि चित्र यांत थोडा फरक राहतोच, चार टक्के म्हणजे उत्तम, हे तासभर समजावलं.

साहेब म्हणाले, "तुमचं खरं हाय हो सर. पण एरर असलेल्या कागदावर मी सही कशी करू?"

मी ती ओळ खोडली. त्याच दिवशी मंजुरी मिळाली.

•

सोनाळ्याहून खाली, पूर्णेच्या बाजूच्या एका वस्तीत गवईबाई राहतात. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. बायकांची पाण्यासाठीची पायपीट थांबावी म्हणून त्यांनी अर्ज करकरून एक बोअर मंजूर करून आणली होती. एकच.

चित्रात नाल्याकाठी गडद निळा पट्टा आला. सर खूश. बाई म्हणाल्या, "तिथं नका घेऊ सर. तिथली विहीर आमच्या सासऱ्यानं बुजवली. पाणी इतकं खारं, तोंडात धरवत नव्हतं. वर बुद्धविहाराजवळ घ्या."

"बाई, विहाराजवळ लाल आहे. सॉफ्टवेअर ऐकीव गोष्टींवर चालत नाही."

नाल्याकाठीच बोअर झाली. धो धो पाणी लागलं. सरांनी फोटो काढले. गवईबाईंनी आम्हाला घरी नेऊन कोरा चहा दिला.

पहिल्या घोटालाच सर थांबले. रहीमभाईंनी कप हळूच खाली ठेवला. सरांनी मात्र मान खाली घालून शेवटपर्यंत प्यायला.

बाई चहानं भरलेला गंज घेऊन उभ्याच होत्या.

"आणखी घ्या सर," त्या म्हणाल्या. "पाणी लय लागलं हाय."