फरशीच्या अलीकडे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तुम्ही समोर असता तर तुमच्याजवळही बोलले नसते. बोलायची वेळ आली की मी विषय बदलते — लिहिताना तेवढा बदलत नाही.

बोर्डिंगच्या इंग्रजी शाळेत आम्हाला आठवड्यातून दोनदा घोड्यावर बसायला शिकवायचे. कुंपणाच्या आत, मऊ मातीवर, म्हाताऱ्या सोशिक घोड्यांवर. माझं सगळं ज्ञान एवढंच. पण शाळा संपवून मी घरी आले आणि सारंगखेड्याच्या यात्रेतून पप्पांनी तीन वर्षांची घोडी आणली, तेव्हा त्यांनी अख्ख्या कोरीट गावाला सांगून टाकलं, की हिला माझी मुलगी तयार करणार. आमची केळीची बाग नाल्यापलीकडे आहे. पावसाळ्यात तिकडे गाडी जात नाही, म्हणून त्यांना घोडी हवी होती.

कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. ती कशालाही बुजायची. कुंपणाला अडकलेली पिशवी, ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं, ट्रॅक्टरचा हॉर्न, उसाच्या पाचटातून उडालेला तितर. मी तिला घाई केली नाही. हे मात्र खरं. पिशवी दिसली की थांबायचं, तिला लांबूनच बघू द्यायचं, कान सैल पडले की एक पाऊल पुढे. ती घाबरून उधळायच्या आत वळायचं, आणि शांतपणे घरी. रोज थोडं पुढे. महिन्याभरात ती उसाने भरलेल्या ट्रकशेजारून गेली — मी डोळे मिटून घेतले होते, तिने नाही.

मी तिच्याशी इंग्रजीत बोलायचे. गावात दुसरं कोण होतं बोलायला? माझ्या अहिराणीला पोरीबाळी हसतात. शेतात निंदणी करणाऱ्या बाया बांधावरून ओरडायच्या, "आते घोडी इंग्रजीना पेपर देई का, ताई?" मी मान खाली घालून पुढे जायचे. पण मला बरं वाटायचं. दिवसभरात माझं नाव घेऊन कुणीतरी बोललेलं असायचं — निदान ताई म्हणून तरी.

मी आडवळणाने जातेय, मला कळतंय.

नाल्यावर फरशी आहे. सिमेंटचा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना कठडा नाही, खाली पुरुषभर खोल. जूनमध्ये तिच्यावरून घोट्याइतकं पाणी वाहायला लागलं. पहिल्या दिवशी टिकलीने मान खाली केली, पाणी हुंगलं आणि एक पाय आत टाकला. स्वतःहून. मी वरून खाली पाहिलं. पाणी सरकत होतं, की आम्हीच सरकत होतो? माझ्या मांड्या लाकडासारख्या झाल्या आणि मी लगाम ओढला. तिने पाय मागे घेतला.

घरी पप्पांनी विचारलं, उतरली का पाण्यात? मी म्हणाले, नाही, अडली.

एक शब्द. इतका सहज आला — मला स्वतःलाच नवल वाटलं. मी घाबरले, असं म्हणायला काय लागत होतं? पप्पा हसले असते, फार तर. पण त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं ना. आणि त्या घरात माझ्याबद्दल अभिमानाने सांगण्यासारखी ती एकच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. पंधरा दिवसांनी मला लगाम ओढावाच लागेना. फरशी आली की टिकली आपणच थांबायची आणि वळायची. तिला वाटलं असणार, रस्ता इथेच संपतो. तिला हे कुणी शिकवलं?

भटूबाबा आमच्याकडे जनावरांचं बघायचे. यात्रेतून टिकलीला चालवत त्यांनीच आणलं होतं. एके दिवशी ते नाल्यावर माझ्या मागे आले. काठावर उकिडवे बसून त्यांनी सगळं पाहिलं. परतताना घोडीशेजारून चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, खरं सांग. घोडी भेस, का तू भेस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मीच भिते म्हटलं असतं, तर त्यांनी कुणाला सांगितलंही नसतं. टिकलीला हाताने धरून आम्हा दोघींना पलीकडे नेलं असतं. मला हे तेव्हाही माहीत होतं. मी म्हणाले, "नाही बाबा. घोडीच."

त्यांनी टिकलीच्या मानेवर थोपटलं आणि ते पुढे निघून गेले.

त्याच आठवड्यात पप्पांनी काटेरी लगाम आणला. आतल्या बाजूने लोखंडी दाते असलेला. अडेल जनावराला दुसरा इलाज नाही, असं त्यांना वाटत होतं. का वाटणार नाही? मीच तर रोज सांगत होते. भटूबाबांनी तो हातात घेतला, दात्यांवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "मी नही लावाव हाई लगाम, भाऊ." पप्पा चिडले. तूच हिला सुरुवातीला बिघडवलंस, म्हणाले. भटूबाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी रिकिबीचा पट्टा सारखा करत होते. तो सारखाच होता.

लगाम पप्पांनी लावला. फरशीवर ते पुढून ओढत होते, मागून दोन गडी काठ्या आपटत होते. टिकली मागच्या पायांवर बसली, पुन्हा उठली. मी काठावर उभी होते, हाकेच्याही अलीकडे. एका वाक्याने ते थांबलं असतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, तेही शुद्ध मराठीत. तिच्या तोंडातून फेस आला, मग तांबडा फेस. मग ती पलीकडे गेली.

आता ती रोज पाण्यातून जाते. पप्पा पाहुण्यांना सांगतात, आमच्या मुलीने तयार केली. भटूबाबा त्यानंतर आमच्या दारी आलेले नाहीत. नंदुरबारच्या बाजारात दिसले की मी दुकानात शिरते, काही घ्यायचं नसलं तरी.

टिकलीच्या ओठाच्या कोपऱ्यात केस न उगवणारी एक रेघ आहे. लगाम काटेरी नसला, तरी तो घेऊन मी जवळ गेले की ती मान इतकी उंच करते, की माझा हात पोचत नाही. मी उभी राहते. ती खाली बघत नाही.

काल पप्पांनी ओट्यावरून विचारलं, "अजून बुजते का गं?"

मी म्हणाले, "हो, थोडी बुजते."