बिनबियांचं बोरन्हाण

बोरन्हाण रविवारी होतं, म्हणून शनिवारी दुपारी रसिका स्वयंपाकघरात फरशीवर बसून बोरांच्या बिया काढत होती. एक किलो बोरं होती. बी काढल्यावर मागे जे उरतं त्याला बोर म्हणावं की लगदा, हा निर्णय तिने सध्या पुढे ढकलला होता. शेंगदाणे यादीतून आधीच बाद झाले होते, कारण शेंगदाणा श्वासनलिकेत अडकतो. हरभरे बाद, कारण तेही अडकतात. रेवड्या बाद, ऊस बाद, गोळ्या-चॉकलेटं वेष्टनासकट बाद. उरले होते चुरमुरे, कारण त्यांच्याविरुद्ध तिला इंटरनेटवर अजून पुरेसं काही सापडलं नव्हतं.

तिच्या सासूबाई, मंजुळाबाई, नुकत्याच बाजारातून आल्या होत्या. पहाटेपासून मासळी विकून दमलेल्या असूनही त्या दारात उभ्या राहिल्या, कारण असं काही रोज बघायला मिळत नाही.

"गो रसिका, बोरं पोरीच्या डोक्यावर ओतायची, का तिला भरवायची?"

"डोक्यावरून तोंडात जायला कितीसा वेळ लागतो, आई?"

"माझी चार पोरं टोपलीशेजारी वाढली. बोंबलाचा काटा पन कोनाच्या घशात नाय गेला."

रसिकाने पुढचं बोर उचललं. तिने सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, आणि टोपलीशेजारी आणखी काय काय वाढतं हे तिला नावानिशी माहीत होतं.

खरं तर बोरन्हाण ही या घरची रीतच नव्हती. ती रसिकाने वर्तकनगरच्या माहेराहून आणलेली. लेकराला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. मंजुळाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्यात नाय असलं. पन कर." या घरात परवानगी साधारण याच शब्दांत मिळते.

पण रसिकाला या वर्षी बोरन्हाणाचा एवढा उमाळा येण्याचं कारण संस्कृती हे नव्हतं. कारण होतं ऑड्री आंटी.

झालं होतं असं, की खोपटच्या ज्या लॅबमध्ये रसिका रिपोर्ट तपासायची, तिथे तिने तीनदा रजा वाढवून घेतली होती. चौथ्या अर्जाला एका ओळीचं उत्तर आलं: एक तारखेला रुजू व्हा, अन्यथा जागा भरण्यात येईल. नवरा भावेश म्हणाला, "मग जा ना." भावेशचे सगळे सल्ले असे सुटसुटीत असायचे. सान्वीला कुठे ठेवायचं, हा तपशील त्यात बसत नसे. मंजुळाबाईंनी आपल्या परीने तोडगा सुचवला होता, पण तो पुन्हा टोपलीशेजारचाच होता.

उरलं पाळणाघर. सव्वादोन वर्षांची सान्वी आतापर्यंत डोंबिवलीतल्या दोन पाळणाघरांतून परत आली होती. पहिल्यातून चार दिवसांत, दुसऱ्यातून अडीच दिवसांत. दोन्हीकडे गोड आवाजात सांगण्यात आलं, "जरा मोठी झाली की आणा." कारण कोणी सांगितलं नाही, पण रसिकाला सांगण्याची गरजही नव्हती. सान्वी चावत असे.

त्याची तिने वही ठेवली होती. शास्त्रीय पद्धतीने आखलेली. तारीख, वेळ, कोणाला, कुठे, किती खोल, आणि शेवटचा रकाना कारणाचा. शेजारच्या दिपिकाचा मुलगा केतन, दंड. भावेश, अंगठा. गॅसची टाकी आणणारा माणूस, पोटरी. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: अचानक. एम.एस्सी.ला असा तक्ता नेला असता तर मॅडमनी तिला वर्गाबाहेर काढलं असतं, पण आईपणाला परीक्षक नसतो, निदान तोपर्यंत तरी तिला भेटला नव्हता.

ऑड्री आंटी ठाकुर्लीत तळमजल्यावर तीस वर्षं पाळणाघर चालवत होत्या. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "आधी मुलगी बघते, मग सांगते." रसिकाने झोप उडवून घेऊन विचार केला. सान्वीला तिथे न्यायचं म्हणजे अनोळखी जागा, अनोळखी मुलं, आणि निदान एक दंड. त्यापेक्षा आंटींनाच बोरन्हाणाला बोलवावं. पोरगी नटलेली, पाटावर बसलेली, सगळे कौतुक करताहेत. रसिकाला स्वतःला कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसवायला घरच्यांनी सव्वीस वर्षं वाट पाहिली होती. सान्वीचा नंबर सव्वादोनलाच लागला.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता सगळं तयार होतं. भावेशने मोबाइल तिवईवर लावून ठेवला होता, म्हणजे पुढे काय झालं याचा पुरावा कायम राहावा. दिपिका केतनला घेऊन आली. केतन पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून आला होता. जानेवारी असला तरी ठाकुर्लीत स्वेटर लागेल अशी थंडी कधी पडत नाही, त्यामुळे रसिकाला जे समजायचं ते समजलं.

ऑड्री आंटी सांगितलेल्या वेळेला आल्या. साठीच्या, फुलाफुलांचा फ्रॉक, पायात साध्या चपला, हातात पिशवी. त्यांनी सान्वीचे गाल ओढले नाहीत, नाव विचारलं नाही, "आंटीला पापी दे" म्हटलं नाही. सोफ्याच्या कोपऱ्यात बसून पिशवीतून एक संत्रं काढलं आणि सोलू लागल्या. रसिकाला वाटलं, आता हिला पोरीत रसच नाही म्हणजे निकाल लागलाच.

सान्वी पाटावर वीस सेकंद बसली. नंतर भावेशने व्हिडिओत मोजले. काळा फ्रॉक, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, बाजूबंद, कंबरपट्टा. मंजुळाबाईंनी ओंजळभर चुरमुरे आणि त्यात मिसळलेली ती बिनबियांची बोरं नातीच्या डोक्यावर सोडली. चुरमुरे छान उधळले. बोरं मात्र पडली तिथेच चिकटली. दोन मुकुटावर, एक कपाळावर. केतनने लुटायला हात घातला, हाताला लागलेलं हुंगलं आणि आईच्या ओढणीला पुसलं.

"ममा, हे बोर नाहीये."

"गप बस रे," दिपिका म्हणाली. "हेल्दी असतं ते."

एवढ्यात सान्वी उठली आणि थेट सोफ्याकडे गेली. आंटींचा संत्रं धरलेला हात सान्वीच्या तोंडाच्या बरोबर उंचीवर होता. वहीचं नवं पान रसिकाला डोळ्यांसमोर दिसायला लागलं: आंटी, मनगट, खोल. पण सान्वी फक्त शेजारी चढून बसली. आंटींनी तिच्याकडे न बघता एक फोड मांडीवर ठेवली. सान्वीने ती उचलली. मग दुसरी ठेवली.

रसिका नेमकी तेव्हा तिळगूळ वाटत होती आणि दिपिकाला समजावत होती, की केतनच्या दंडावरचे वण गेलेच असतील ना, नसतील तर एक मलम आहे. म्हणून पुढची वीस मिनिटं तिला सान्वीकडे बघताच आलं नाही. गेल्या दोन वर्षांतली ही सर्वांत मोठी सुट्टी होती आणि ती कामातच गेली.

वळून बघते तर सान्वीला आयुष्यातला मोठा शोध लागलेला होता. गळ्यातला हार गोड आहे. ती एकेक दाणा चोखत होती, शांतपणे, डोळे मिटून. आंटी दुसरं संत्रं सोलत होत्या. कोणाचंच काही बिघडलं नव्हतं. पण रसिकाला दिसला दोरा. दोऱ्यात ओवलेले काटेरी दाणे. दाण्यांमागे घसा.

"सानू, आ कर. आ कर बाळा. थू कर."

सान्वीने तोंड घट्ट मिटलं.

"थू कर म्हणते ना," असं म्हणत रसिकाने हार धरला आणि ओढला.

वहीत नोंद घेताना तिने पुढे "उजवं मनगट, खोल" असं लिहिलं. त्या क्षणी तिला खोली वगैरे मोजायला सुचलं नाही. हार तुटला, हलवा चुरमुऱ्यांत विखुरला, आणि भावेशच्या मोबाइलमध्ये आपला आवाज कसा आला आहे हे तिने अजूनही ऐकलेलं नाही. केतनने स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या.

"लागला काय गो?" मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी सान्वीला उचललं आणि पदराने तिचं तोंड पुसलं. सुनेचा लागलेला हात पुसायला पदर उरला नाही.

ऑड्री आंटी उठल्या. संत्र्याची सालं त्यांनी आपल्याच पिशवीत भरली. रसिका त्यांच्यामागे दारापर्यंत गेली. मनगट पाठीमागे लपवून, म्हणजे जणू ते कोणी पाहिलंच नव्हतं.

"आंटी, ती रोज नाही असं करत. आज गर्दी होती. आणि साखर पोटात गेली की मुलं जरा—"

"डोंबिवलीच्या त्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत," आंटी चपला घालत म्हणाल्या.

"म्हणजे त्यांनी चावण्याचं सांगितलं असेलच."

"चावण्याचं कोण सांगतं? या वयाची निम्मी पोरं चावतात. त्या तुझं सांगत होत्या. अकरा वाजेपर्यंत नऊ फोन. दुसरी म्हणाली, पाणी कितव्या मिनिटाला द्यायचं तेपण लिहून दिलेलं. चार पानं."

"लॅमिनेट केलेली," भावेशने आतून भर घातली. मदतीला तो असा नेमका यायचा.

दोन पाळणाघरांनी परत पाठवलेली व्यक्ती नेमकी कोण, हे रसिकाच्या आता कुठे ध्यानात येत होतं.

"पण आंटी, तिने तुमच्यासमोर मला चावलं."

"तू तोंडातून ओढलंस. माझ्या तोंडातला घास कोणी ओढला तर मी पण चावेन." आंटींनी चपलेचा पट्टा लावला. "अर्धा तास बसली माझ्याजवळ. एक अख्खं संत्रं खाल्लं तिने."

"अख्खं? बिया काढून?"

"बिया थुंकते की ती. हातावर काढून मला देत होती. चौदा दिल्या." त्यांनी पिशवी उघडून सालांवर पडलेल्या बिया दाखवल्या. "तुला माहीत नाही?"

रसिकाला माहीत नव्हतं. माहीत होण्यासाठी पोरीच्या तोंडात कधीतरी एखादी बी जावी लागली असती.

"म्हणजे तुम्ही घेणार नाही," ती म्हणाली.

"मुलीला घेते. आईला नाही घेत. सोडायचं आणि दारातून परत जायचं. खिडकीत उभं राहायचं नाही. फोन एक, दुपारी एकला. दुसरा केलास तर दुसऱ्या दिवशी आणू नको. बघ जमतंय का. नाय जमलं तर राग नाही."

त्या गेल्यावर रसिकाने वही काढली. तारीख, वेळ, मनगट. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. सवयीने "अ" लिहून झाला होता. तो तिने खोडला आणि लिहिलं: मी हार ओढला. मग वरच्या ओळी वाचत गेली. केतन: त्या दिवशी त्याने तिची बाहुली घेतली होती. भावेश: औषधाचा चमचा तोंडात कोंबत होता. गॅसवाल्याच्या पोटरीचं कारण मात्र तिला अजून सापडलेलं नाही.

एक तारखेला तिने सान्वीला आंटींच्या दारात सोडलं. निरोपासाठी तिने दोन वाक्यं ठरवून ठेवली होती. पहिलं अर्ध्यावर असतानाच सान्वी आत गेली, आणि मागे वळून बघण्याइतकं सौजन्यही तिने दाखवलं नाही. आंटींनी दार लावलं. रसिका खिडकीकडे गेली नाही. रस्त्याच्या पलीकडच्या दुकानातून खिडकी दिसते का, एवढंच तिने पाहिलं. दिसत नव्हती.

लॅबमध्ये सकाळभर तिने रिपोर्ट तपासले. साडेअकराला फोन हातात घेतला आणि टेबलाच्या खणात ठेवला. बाराला खणाला कुलूप लावलं. साडेबाराला किल्ली शेजारच्या बाईंकडे दिली, आणि एकला पाच मिनिटं असताना अजिजीने परत मागून घेतली.

एकच्या ठोक्याला तिने फोन लावला.

"जेवली. झोपली," ऑड्री आंटी म्हणाल्या. "ठेवू?"

"कोणाला चावली का?"

"नाही."

हेच ऐकण्यासाठी तिने इतके महिने काढले होते. ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण घशाशी काहीतरी अडकून राहिलं. श्वासनलिकेत काय काय अडकू शकतं याच्या तिच्या यादीत ते नव्हतं.

"रडली का, आंटी? सकाळी? मी गेल्यावर?"

"नाही गं. खेळत होती."

"थोडीसुद्धा नाही?"

पलीकडे कुठलं तरी मूल पाणी मागत होतं. तीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर आंटींनी किती आयांना दिलं असेल, देव जाणे.

"रडली," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी थोडी रडली. आता जेव."

रसिकाला खरं काय ते कळलं होतं, पण तिने उलटतपासणी घेतली नाही. फोन ठेवला आणि डबा उघडला. पोळीशेजारी काहीतरी काळपट, चिकट होतं. रविवारी उरलेल्या बोरांचं मंजुळाबाईंनी गूळ-मिरची घालून काहीतरी केलं होतं. पहिल्याच घासाला दाताखाली एक बी आली. एक किलोत एक सुटलेली.

तिने ती हातावर थुंकली आणि पुढचा घास घेतला.